मंडईला पोरं न्या, पण पाव्हणी म्हणून नको

भाऊबीज झाली की आमच्या बालाघाटात फोन वाजायला लागतात. "शुक्रवारी आमची मंडई हाय, पोरायले घेऊन येजा." कधी मामा, कधी फुफू (आत्या), कधी येवाई (व्याही). पंधरा दिवसांत चार-पाच आवतणं सहज जमतात, आणि तेवढ्यातच शाळा सुरू झालेली असते.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला मंडई म्हटलं की भाजीबाजार आठवतो. आमच्याकडे मंडई म्हणजे गावाचा वर्षाचा मेळावा. बालाघाट, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात दिवाळीनंतर प्रत्येक गाव आपला दिवस धरतं. छत्तीसगढात शिरलं की तिलाच मडई म्हणतात. दिवसा बाजार भरतो आणि ढाल निघते, रात्री नाटक किंवा दंडार हे लोकनाट्य होतं. सासरी गेलेल्या लेकी येतात, घरोघरी पाव्हणे उतरतात. बालाघाट जिल्हा 1867 साली भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे तुकडे जोडून झाला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचा भंडारा (गोंदिया तेव्हा त्यातच होता) मुंबई राज्यात गेला. बाघ आणि बावनथडी या नद्या राज्यांची सीमा झाल्या. सोयरिकी मात्र नदीच्या दोन्ही काठांवर आहेत, त्यामुळे मंडईचं आवतणही दोन्हीकडून येतं. माझं माहेर बाघ नदीच्या पल्याडचं आहे आणि सासर बालाघाटचं. गेली सोळा वर्षं मी पोरांना घेऊन या मंडया करते आहे. त्यातून जे कळलं ते लिहिते.

पहिली काही वर्षं मी एक चूक करत होते. पोरांना नवे कपडे घालायचे, दुपारी गावात पोचायचं, पाळण्यात बसवायचं, जिलेबी घ्यायची आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं. दोन तासांत पोरं कंटाळायची. मोठा पोरगा ओसरीवर मोबाईल घेऊन बसायचा. "आई, इथे काय आहे?" असं तो हिंदीत विचारायचा आणि मला वाईट वाटायचं. चुकत मात्र मीच होते. मी त्याला पाव्हणा म्हणून नेत होते, आणि पाव्हण्याला बसण्याशिवाय काम नसतं. ज्या वर्षी माझ्या भावाने त्याच्या हातात पाण्याची बादली आणि पेले दिले आणि "आलेल्या प्रत्येकाले तू पाणी देजो" असं सांगितलं, त्या वर्षी संध्याकाळी तो निघायला तयार नव्हता.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की सगळ्या मंडया करू नका. एक निवडा, फार तर दोन, आणि तिथे एक रात्र, दोन दिवस राहा. बाकीच्या घरी घरातलं एखादं मोठं माणूस जाऊन येईल. कोणाला वाईट वाटेल याची भीती असते, पण दरवर्षी आलटून पालटून गाव धरलं की लोक समजून घेतात. निवडताना पोरांच्या वयाचं कोणी त्या घरात आहे का ते बघा. आजी-आजोबा आहेत का तेही बघा. गाव किती मोठं आहे यापेक्षा ते जास्त महत्त्वाचं.

सुट्टीचा हिशेब आधी करा. महाराष्ट्रात दिवाळीची सुट्टी लांब असते, आमच्या मध्य प्रदेशात ती काही दिवसांतच संपते. गोंदियाची मामेभावंडं मोकळी असतात आणि आपल्या पोरांची शाळा भरलेली असते. शक्यतो शनिवार-रविवारला लागून येणारी मंडई धरा. तसं जमलं नाही तर एक दिवसाचा अर्ज खरं कारण लिहून द्या. "ताप आला" असं खोटं लिहून पोराला मंडईला नेलं, तर मंडईतून तो पहिली गोष्ट खोटं बोलणंच शिकतो. आमच्या भागातल्या गुरुजींना मंडई काय असते ते सांगावं लागत नाही.

दुसरा हिशेब धानाचा. मंडई येते ती हलका धान निघाल्यावर आणि भारी धान कापणीला आलेला असताना. ज्या घरी आपण जातो त्या घरी बांधीत (धानाच्या शेतात) कापलेल्या धानाचा कडपा पडलेला असतो, त्याचं पुंजणं रचायचं असतं, मजूर मिळत नसतात, आणि त्यातच वीस माणसांचा स्वयंपाक असतो. शहरातून गेलेल्या चार माणसांनी पलंगावर बसून चहा मागायचा, हे त्या घरावर ओझं आहे. जाताना शिधा न्या: तेल, साखर, चहापत्ती, बेसन. भाजी चिरायला घरून एक चाकू नेला तरी चालेल. माझ्या वहिनीला मी नेलेल्या साडीपेक्षा मी तिच्या शेजारी बसून लाटलेल्या पुऱ्या जास्त आवडतात. हे तिने मला स्वतः सांगितलं आहे.

आता पोरांची कामं. पाच-सहा वर्षांच्या पोराला पाणी देणं, चपला ओळीत लावणं, आजीचा चष्मा-काठी सांभाळणं जमतं. आठ-दहा वर्षांची पोरं पत्रावळी मांडतात, मीठ-लिंबू वाढतात, दुकानातून सामान आणून हिशेब देतात. बारा-तेराच्या पोरांना स्वयंपाकघरात घ्या, मुलगी असो की मुलगा. माझा मुलगा चौदाव्या वर्षी अळूच्या पानांना बेसन लावून वड्या गुंडाळायला मंडईच्या घरीच शिकला. चुलीजवळ त्याची आजी होती. पान उलटं ठेव, शिरा आधी लाटण्याने दाब, पीठ पातळ नको, असं ती एकेक सांगत होती, आणि ते सगळं झाडीच्या बोलीत. घरी मी त्याला मराठी शिकवायला बसले की तो पाच मिनिटांत उठतो. तिथे तो दीड तास बसला, कारण हातात काम होतं आणि ते काम समजून घ्यायला आजीची बोली कळणं भाग होतं.

बोलीचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमची पोरं शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी, घरी मिश्र, आणि गावात गेली की गप्प. "ळ"चा "र" आणि "ण"चा "न" करणारी बोली ऐकून काही पोरं हसतात. तिथल्या तिथे त्यांना थांबवा, पण ओरडून नको. सांगा की या बोलीला झाडीबोली म्हणतात, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी तिच्यावर आयुष्य घातलं आहे. घरी पोवारी बोलत असाल तर पोवारीबद्दलही हेच सांगा. निघायच्या आधी दोन-तीन दिवस नात्यांची उजळणी करा. कोणाला मामा, कोणाला भाटवा, कोणाला फुफू, मोठ्या मामीच्या पाया पडायचं, येवाई आले की ओसरीवरून उठायचं. जुना फोटो समोर धरून नावं सांगितली की पोरांच्या लक्षात राहतं. सगळ्यांना "अंकल-आंटी" म्हणणारं पोर त्या घरात परकंच राहतं.

धर्माकडे वळते, कारण इथे आई-बापांनी विचार करूनच वागायला हवं.

पाडव्याच्या दिवशी गायगोधन असतं. गायी सजवून आणतात, शेणाचं गोधन घालतात, त्यावरून गायी चालवतात. काही गावांत तान्ह्या पोराला त्या शेणात लोळवतात, बाळ धडधाकट राहावं म्हणून. श्रद्धा मी समजू शकते. माझ्या सासूबाईंनीही आग्रह केला होता. पण शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. बाळाची नाळ नुकती पडलेली असेल किंवा कुठे खरचटलेलं असेल, तर धोका खरा आहे, शिवाय जनावरांच्या पायाखाली येण्याची भीती वेगळीच. आम्ही तोडगा काढला. बाळाला आजीच्या मांडीवर घेतलं, गायीच्या कपाळाचं कुंकू बाळाच्या कपाळाला लावलं, गायीला घास बाळाच्या नावाने दिला. सासूबाईंचं समाधान झालं. नकार देताना त्याच्या जागी दुसरं काही ठेवलं तर म्हातारी माणसं दुखावत नाहीत. बाळाचे डोस वेळेवर झालेले असले तरीही शेणात ठेवू नका.

मंडईच्या दिवशी गोवारी बांधव मोरपिसांची उंच ढाल घेऊन निघतात. डफडं वाजतं, रंगीत कपडे, पायांत घुंगरू. दारात ढाल आली की धान्य, पैसे देतात. हे देणं पोराच्या हातून होऊ द्या. सुपात तांदूळ त्याने आणायचे, वाकून द्यायचे. आणि पोर दहाच्या वर असेल तर हे लोक कोण आहेत तेही सांगा. गावाची गुरं ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली, त्यांचा हा मान आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी हेच लोक नागपूरच्या विधानभवनावर मोर्चा घेऊन गेले होते. चेंगराचेंगरीत 114 जण गेले, त्यात बहुतेक बाया आणि लेकरं. नागपुरात त्यांचं स्मारक आहे. मी हे माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा ती ढालीपुढे नाचणाऱ्या माणसाकडे बराच वेळ बघत राहिली. त्याचा फोटो काढायला ती उठली होती, पण मोबाईल खाली ठेवून आधी त्याला विचारून आली. हे असं विचारणं पोरांना शिकवा. कोणाची पूजा, कोणाचं नाचणं म्हणजे आपल्या मोबाईलचा माल नाही.

मंडई एका जातीची, एका देवाची नसते. पोवार, कुणबी, लोधी, गोंड, ढिवर, बौद्ध, मुसलमान सगळ्यांची दुकानं आणि सगळ्यांचे पाव्हणे असतात. कुठे रात्री भीमगीतांचा कार्यक्रम असतो, कुठे कव्वालीचा. पोरांना एकाच मांडवात बसवू नका.

बाजारात शिरण्याआधी तीन गोष्टी करा. पोराच्या खिशात नाव आणि दोन मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. चुकलो तर कुठे थांबायचं ती जागा प्रत्यक्ष नेऊन दाखवा: मारुतीचं देऊळ, ग्रामपंचायतीचा ओटा, शाळेचं फाटक. आणि सांगा की हरवलास तर शोधत फिरू नको, तिथेच जाऊन बस. माझी मुलगी पाच वर्षांची असताना फुग्यामागे गेली आणि वीस मिनिटं सापडली नाही. ती वीस मिनिटं मला आजही आठवतात. धुळीत दिसणारा प्रत्येक लाल फ्रॉक मी धावत जाऊन वळवून बघत होते. शेवटी ती बांगडीवालीच्या दुकानात सापडली. त्या बाईने तिला मांडीजवळ बसवून हातात चार बांगड्या घातल्या होत्या, आणि पोरगी बांगड्या मोजत होती. त्या दिवशी मी चिठ्ठी लिहिली नव्हती. त्यानंतर एकदाही विसरले नाही. पोर सापडलं नाहीच तर आधी रंगमंचाच्या माइकवरून पुकारा करायला लावा, आणि 1098 हा बालकांसाठीचा नंबर मोबाईलमध्ये ठेवा.

पैसे सुटे न्या. गर्दीत नेटवर्क बसतं आणि दुकानदार थांबत नाही. मामा-मावश्या पोरांच्या हातावर दहा-वीस-पन्नास ठेवतात. ते काढून घेऊ नका, त्याचा खर्च पोरांनाच करू द्या. एका नियमावर मात्र मी ठाम आहे: त्यातली एक वस्तू घरी राहिलेल्या कोणासाठी तरी घ्यायची. खाण्यात ऊस घ्या, उकडलेले शिंगाडे घ्या. आमच्या तळ्यांचे शिंगाडे ढिवर बाया स्वतः उकडून आणतात, साल काळी पडलेली, आत पांढरा गर. पोरांना ते सोलायला शिकवा, टोकाला काटा असतो. कापून ठेवलेली फळं आणि रंगीत बर्फाचा गोळा टाळा, पाणी घरचं न्या. झेंडीमुंडीच्या जुगाराचा पट मांडलेला दिसला तर तेरा-चौदाच्या मुलाला खेचून नेण्यापेक्षा तिथेच बाजूला उभं करून समजावा की सहा चित्रं आहेत, पट मांडणारा शेवटी का जिंकतो. माझ्या मुलाने घरी आल्यावर कागदावर त्याचं गणित मांडून पाहिलं. कोंबड्यांची झुंज लावणं गुन्हा आहे, तिकडे फिरकू देऊ नका.

आणि आता रात्र, जिच्यासाठी मुक्काम करायचा.

नाटक दहाच्या पुढे सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. नोव्हेंबरात धानाच्या बांधीत थंडी खालून चढते. सतरंजीखाली तणस पसरा, एक जाड गोधडी, कानटोपी, मोजे न्या. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडवात नेऊच नका, कर्ण्यांचा आवाज त्याच्या कानांना झेपत नाही. घरी थांबणाऱ्या बाईचा विचारही करा. दरवर्षी तीच थांबते, आणि ती बहुधा घरची सून असते. पाळी लावा, एका रात्री पुरुषाने थांबावं. मोठ्या पोरांना दुपारी झोपवा. नऊ वाजता जेवण, मग मांडव. पहिल्या अंकानंतर लहान पोर तिथेच झोपेल, झोपू द्या. ऑर्गनच्या सुरात झोपलेली रात्र त्याला पुढे आठवते. मला तर माझी आठवते.

काय दाखवायचं ते आधी विचारा. दंडारीत पुरुषच बाईची सोंगं घेतात, पोरांना ते भारी आवडतं. खडी गंमत या लोकनाट्यात सवाल-जवाब असतात, काही दुहेरी अर्थाचे. बारा-तेराच्या पोराने विचारलं तर "तुला काय करायचंय" असं म्हणू नका, त्याच्या वयाला पेलेल तेवढं सांगा. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत बहुधा एक घर असतं, दारू असते, भावाभावांचं भांडण असतं, शेवटी रडू असतं. शहरातल्या नाटकांच्या मापाने ते मोजू नका. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. सीमेवरच्या काही गावांत 'नाचा' हे छत्तीसगढी लोकनाट्यही येतं, तेही जरूर दाखवा. मात्र कार्यक्रमाच्या नावाखाली नुसता अश्लील नाच ठेवलेला असेल तर पोरांना घेऊन शांतपणे उठून घरी या, आणि सकाळी मंडळाच्या पोरांना सांगा की आम्ही का उठलो. चार कुटुंबं उठली की पुढच्या वर्षी फरक पडतो. आमच्या एका नातेवाइकांच्या गावात पडला आहे.

गावातल्याच पोरांचं नाटक असेल तर दुपारी रंगपट दाखवायला न्या. रात्री मुकुट घालून गरजणारा राजा सकाळी बांधीत कडपा बांधताना दिसला, तेव्हा माझा मुलगा धुऱ्यावरच थांबला. मग त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, "काका, तुम्ही मेले होते ना?" काका विळा खाली ठेवून त्याला मरायचं कसं ते पुन्हा करून दाखवत होते.

एक गोष्ट मुलींच्या आई-बापांसाठी. मंडईत सोयरिकीची बोलणी निघतात, ते जुनंच आहे. पण मुलीला न सांगता नवी साडी नेसवून "चल, मामाकडे जाऊ" म्हणून नेणं आणि तिथे चार परक्या माणसांसमोर चहाचा ट्रे देणं, हा तिचा विश्वासघात आहे. माझ्या मैत्रिणीबरोबर हे झालं, आणि ती पुढे बारा वर्षं कुठल्याच मंडईला गेली नाही. बोलणी असतील तर घरून निघायच्या आधी सांगा, कोण येणार, मुलगा काय करतो, नाही म्हणायची मोकळीक आहे हेही सांगा. शिकत असेल तर विषयच काढू नका. अठराच्या आत तर कायद्यानेही लग्न करता येत नाही. कोणी ओसरीवर गमतीत म्हणालं, "ही आमच्याच घरी द्या," तर हसून सोडू नका. दहा वर्षांची पोरगी ते ऐकत असते. "ती शिकतेय" एवढं मोठ्याने म्हणा. तिला ते तुमच्या तोंडून ऐकायचं असतं.

परतीचा प्रवास दिवसा करा. आमच्या जिल्ह्याचा निम्म्याहून जास्त भाग जंगल आहे, पहाटे धुकं असतं, धानाचे ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना चालतात, आणि जागलेल्या माणसाला डुलकी लागते. दुचाकीवर चार जण बसवून येणं तर नकोच. गोंदियाकडून येत असाल तर रेल्वे आहे, जेमतेम 40 किलोमीटर, पोरं खिडकीपाशी झोपतात.

निघताना पोरांना चुलीपाशी पाठवा, ओसरीवर नव्हे. जिने दोन दिवस रांधलं तिच्या पाया पडून, तिच्याशी बोलून मग गाडीत बसायचं. गेल्या वर्षी माझ्या मुलाने मामीला विचारलं, "पुढच्या वर्षी वड्या मी करू?" ती म्हणाली, "पानं तुयासाठी ठेवतो, पन लवकर येजो, सकारीच लागतात." या वर्षी आवतण आलं तेव्हा फोन त्याने उचलला आणि माझ्याकडे द्यायच्या आधी विचारलं, "मामी, पानं किती लागतील?"